संघातून काढलं, कॉलेजातून नाही

प्रश्न: आम्ही मूळचे साताऱ्याचे, बरीच वर्षं अमेरिकेत ओहायोमध्ये आहोत. मुलगा इथल्या एका सरकारी विद्यापीठात दुसऱ्या वर्षाला, पोहण्याच्या संघात, अर्ध्या शिष्यवृत्तीवर. ऑक्टोबरमध्ये कॉलेजबाहेरच्या एका पार्टीत मारामारी झाली, एका मुलाचा जबडा मोडला आणि आमच्या मुलावर गंभीर गुन्हा दाखल झाला. तो म्हणतो, मी सोडवायला गेलो होतो. दुसऱ्याच दिवशी ईमेल आला : 'खटला संपेपर्यंत संघातून निलंबित'. सासरे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेत. ते विचारतात, गुन्हा शाबीत होण्याआधी शिक्षा कशी? आता काय करावं? कॉलेज बदलावं, की त्याला भारतात पाठवावं?

उत्तर:

ताई, सासऱ्यांचा प्रश्न रास्त आहे, पण त्याचं अर्धं उत्तर त्यांच्याच नोकरीत आहे. आपल्याकडे सरकारी नोकर 48 तासांहून जास्त कोठडीत राहिला की निलंबित झाल्याचंच धरतात. तेव्हा निकालासाठी कुणी थांबत नाही. पण त्याला निर्वाह भत्ता मिळतो, केंद्राच्या नियमांप्रमाणे 90 दिवसांच्या आत निलंबनाचा फेरविचार करावा लागतो, आणि तो निर्दोष सुटला तर मधल्या काळाचा पगारही मिळू शकतो. तुमच्या मुलाचा बुडालेला हंगाम कोण परत देणार? कॉलेजातल्या खेळाडूकडे हंगामच मोजके असतात, आणि फौजदारी खटला वर्षभर सहज चालतो.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगते. आरोप गंभीर असेल तर थोड्या दिवसांसाठी, कारण देऊन बाजूला ठेवणं मला अन्यायाचं वाटत नाही. 'खटला संपेपर्यंत' हे मात्र अन्यायाचं आहे, कारण त्यात मुलाचं म्हणणं ऐकायची तारीखच नाही.

असं झालं की काय होतं, ते ड्यूक विद्यापीठाने पाहिलं आहे. 2006 मध्ये तिथल्या लक्रॉस (जाळीच्या काठीने चेंडू खेळायचा मैदानी खेळ) संघाच्या तीन खेळाडूंवर बलात्काराचा आरोप झाला. एप्रिलमध्ये विद्यापीठाने संपूर्ण संघाचा उरलेला हंगाम रद्द केला आणि प्रशिक्षकाला जावं लागलं. एप्रिल 2007 मध्ये नॉर्थ कॅरोलायना राज्याचे अॅटर्नी जनरल (राज्याचे मुख्य कायदा अधिकारी) रॉय कूपर यांनी आरोप मागे घेतले आणि ही मुलं निर्दोष आहेत, असं जाहीर सांगितलं. हा खटला चालवणारे सरकारी वकील माइक नायफाँग यांची सनद गेली. पुढे एनसीएएने (कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेने) संघातल्या मुलांना जादा वर्ष खेळायची मुभा दिली, पण आरोप झालेल्यांपैकी दोघे दुसऱ्या कॉलेजांत गेले.

याची दुसरी बाजू बेलर विद्यापीठात दिसली. तिथे फुटबॉलपटूंवरच्या लैंगिक अत्याचाराच्या तक्रारी नीट हाताळल्याच गेल्या नाहीत. चौकशी झाली आणि 2016 मध्ये प्रशिक्षक आर्ट ब्राइल्स यांना काढलं, केन स्टार यांना विद्यापीठाचं अध्यक्षपद गमवावं लागलं. विद्यापीठं आज घाईने निलंबनाचा ईमेल धाडतात, त्यामागे ही भीती आहे आणि ती खोटी नाही. तक्रार करणाऱ्या मुलीने किंवा मुलाने रोज त्याच आवारात, त्याच जिममध्ये वावरायचं असतं. तुमच्या पत्रात जबडा मोडलेल्या मुलाला एकच वाक्य मिळालं आहे. त्याच्या घरचेही कुणालातरी पत्र लिहीत असतील आणि विचारत असतील, की आरोपी अजून कॉलेजात कसा?

इलिनॉय विद्यापीठाचं अलीकडचं प्रकरण तुमच्या वकिलाला माहीत असेलच. बास्केटबॉलपटू टेरन्स शॅनन ज्युनियर याच्यावर कॅन्ससमध्ये बलात्काराचा गुन्हा दाखल झाला आणि डिसेंबर 2023 मध्ये विद्यापीठाने त्याला निलंबित केलं. तो कोर्टात गेला. सहा सामने हुकल्यावर, जानेवारी 2024 मध्ये, फेडरल न्यायाधीशांनी विद्यापीठाला मनाई हुकूम दिला आणि तो परत खेळू लागला. जूनमध्ये ज्युरीने त्याला निर्दोष सोडलं, त्याच महिन्यात तो एनबीएत (व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये) निवडला गेला. पण यावर फार भिस्त ठेवू नका. त्याची कमाई आणि एनबीएचं भवितव्य त्या हंगामावर अवलंबून होतं, म्हणून त्याच्या नुकसानीला वजन आलं. एरवी संघात खेळणं हा हक्क नाही, ती सवलत आहे, असंच बहुतेक कोर्टं म्हणत आली आहेत.

तुमच्या बाजूने एक गोष्ट आहे : विद्यापीठ सरकारी आहे. तुमच्याच राज्यात, कोलंबसमध्ये, सरकारी शाळेने काही मुलांना सुनावणीशिवाय दहा दिवसांपर्यंत निलंबित केलं होतं. 1975 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ठरवलं, की दहा दिवसांसाठी का होईना, आरोप काय आहे ते सांगायला हवं आणि मुलाचं ऐकून घ्यायला हवं. तो निकाल शाळेचा आणि शिक्षणाच्या हक्काचा आहे, पोहण्याचा नाही. तरीही 'आमचं ऐका' म्हणायला सरकारी संस्थेत तो आधार धरता येतो.

तेव्हा निलंबन चूक की बरोबर हा वाद आत्ता घालू नका. वकिलामार्फत खेळ विभागाकडे लेखी मागणी करा : निलंबन कोणत्या नियमाखाली आहे, कुणी ठरवलं, फेरविचार कधी, आणि तोवर सराव, फिजिओ, अभ्यासाची मदत चालू राहणार का. शिष्यवृत्तीचं वेगळं विचारा. ती कमी किंवा बंद करायची झाली तर अपिलाची संधी द्यावी लागते, आणि ती सुनावणी खेळ विभागाबाहेरच्या लोकांपुढे होते. या हंगामात तो एकाही स्पर्धेत उतरला नसेल, तर हा हंगाम त्याच्या खात्यावर धरला जातो का, हेही कम्प्लायन्स ऑफिसला (खेळाचे नियम पाळले जातात का ते बघणाऱ्या विद्यापीठातल्या कार्यालयाला) विचारा. कदाचित तो वाचेल. आणि हे सगळं मुलाच्या सहीने होऊ द्या. तो सज्ञान आहे, त्याच्या लेखी संमतीशिवाय कॉलेज तुमच्याशी सहसा बोलणार नाही.

प्रशिक्षकाला 'खरं काय घडलं' ते सांगायला मुलगा धावेल. त्याला थांबवा. प्रशिक्षक कितीही जीव लावणारा असला तरी त्याला सांगितलेलं कोर्टात येऊ शकतं. विद्यापीठाच्या शिस्तपालन समितीपुढे केलेलं निवेदनही तसंच. तिथे पुराव्याची कसोटीही कोर्टापेक्षा सैल असते. वकिलाला विचारल्याशिवाय तोंडी नाही, लेखी नाही, ग्रुपवर नाही. जखमी मुलाला माफीचा मेसेजही नाही. मुलगा ग्रीन कार्डावर असेल तर वकिलाला पहिल्याच भेटीत सांगा. तडजोडीत कबूल केलेला 'छोटा' गुन्हा इमिग्रेशनमध्ये मोठा ठरू शकतो.

कॉलेज बदलायचं आत्ता मनातही आणू नका. नवं कॉलेज हे विचारणारच, आणि लपवलं तर तोच नवा ठपका. भारतात पाठवण्याचं तर बोलूच नका. जामिनावर असलेल्या मुलाने कोर्टाच्या परवानगीशिवाय देश सोडला तर वॉरंट निघेल.

शेवटचं, आणि माझ्या कामाचं. त्याला संघातून काढलंय, कॉलेजातून नाही. पहाटेचा सराव बंद झाला की मुलं दुपारी बारापर्यंत झोपतात, मग वर्ग चुकतात, आणि खटला सुटला तरी कमी गुणांमुळे खेळायची पात्रता जाते. या सत्रात एकही विषय राहू देऊ नका. जवळच्या वायएमसीएचा तलाव बघा, पाच वाजता उठायची सवय तशीच ठेवू द्या. विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे आठवड्याला एकदा जाऊ द्या. तिथलं बोलणं गोपनीय असतं, पण खटल्याबद्दल किती बोलावं ते आधी वकिलाला विचारून घ्या. ईमेलमध्ये अपिलाची मुदत दिली असेल तर ती बहुधा थोड्याच दिवसांची असते, ती आजच्या आज बघा.