शब्दांची विचारपूस : बुरशी लागलेलं 'होम'

प्रश्न : माझी मुलगी शिक्षणासाठी फिनलंडमध्ये, ताम्पेरे शहरात आहे. राहायला जागा शोधत असताना तिथल्या मैत्रिणीनं तिला एका जुन्या घराबद्दल निरोप पाठवला, त्यात 'होमेतालो' असा शब्द होता. 'तालो' म्हणजे घर, एवढं मुलीला ठाऊक होतं. पुढची अक्षरं पाहिली तर एच-ओ-एम-ई! म्हणजे घरपण असलेलं घर असणार, असं समजून ती बघायला निघाली. मैत्रिणीला हसू आवरेना. इंग्रजी शब्द फिनिशमध्ये कसा शिरला, आणि त्यात हसण्यासारखं काय? — एक वाचक

उत्तर : ताई, मैत्रिणीनं तिला सावध केलं होतं आणि ती आमंत्रण समजली. फिनिशमध्ये एच-ओ-एम-ई हा शब्द 'होमे' असा वाचतात आणि त्याचा अर्थ बुरशी. 'होमेतालो' म्हणजे भिंतींत, जमिनीखाली ओल मुरून बुरशी धरलेलं घर. तिकडे हा फार धास्तीचा शब्द आहे. शाळेच्या इमारतीलाही तो रोग लागतो, मग तिला 'होमेकोउलू' म्हणतात.

तुमच्या मुलीला हसायचा मला अधिकार नाही. हेलसिंकीत मी दोन हिवाळे काढले. पहिल्याच आठवड्यात दुकानातून 'होमेयूस्तो' नावाचं चीज आणलं. 'यूस्तो' म्हणजे चीज हे शिकले होते, तेव्हा हे घरी केलेलं चीज असणार! उघडलं तर आत निळ्या-हिरव्या रेघा. खराब माल दिला म्हणून परत करायला गेले. काउंटरवरच्या बाईंनी शांतपणे वेष्टनावरच्या नावाच्या पहिल्या चार अक्षरांवर बोट ठेवलं. बुरशीचंच चीज होतं ते, आणि ताजं होतं.

आता मूळ प्रश्न. शब्द इंग्रजीतून फिनिशमध्ये गेलेला नाही, उलटही झालेलं नाही. दोन अनोळखी माणसांचे चेहरे सारखे असावेत तसा हा प्रकार आहे. फिनिश ही उराली कुळातली भाषा; एस्टोनियन, सामी, हंगेरियन हे तिचे नातलग. इंग्रजी इंडो-युरोपीय कुळातली, म्हणजे लांबून का होईना, आपल्या मराठीच्या भाऊबंदांपैकी. फिनिशमध्ये देवनागरीसारखं जवळजवळ लिहिलं तसंच वाचायचं, त्यामुळे शेवटचा 'ए' स्पष्ट उच्चारायचा. इंग्रजीत तो नुसता शोभेला.

फिनिश 'होमे'च्या शेवटी एके काळी एक व्यंजन होतं. ते गळून पडलं, पण त्याची सावली बोलण्यात अजून उरली आहे. लिहितात 'होमेतालो', पण म्हणताना मधला त दुप्पट होतो : 'होमेत्तालो'. कान देऊन ऐकलं तर गेलेलं अक्षर ऐकू येतं. मला या भाषेचं पहिलं प्रेम जडलं ते इथे.

इंग्रजी 'होम'ची कुळकथा निराळी. जुन्या इंग्रजीत तो 'हाम' होता आणि त्यात घराबरोबर वस्ती, गाव हेही अर्थ होते. बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम यांच्या शेपटाला तोच आहे. जर्मनमधला 'हाइम' त्याचा सख्खा भाऊ. जर्मानिक भाषांत मूळच्या 'क'चा 'ह' झाला (लॅटिन 'केंतुम', इंग्रजी 'हंड्रेड'), म्हणून मागे जायचं तर 'क'कडे जावं लागतं. अभ्यासक ज्या मुळाशी पोचतात, त्याच मुळाचा संस्कृत धातू 'क्षि', म्हणजे राहणे, वसती करणे. क्षेत्र त्यातूनच, क्षिती त्यातूनच, आणि योगक्षेमातला क्षेमही. पत्राच्या शेवटी 'क्षेम असावे' लिहिणाऱ्या पिढीला कुठे माहीत होतं की आपण 'होम'च्याच घराण्यातला शब्द लिहितो आहोत! (आपला होमहवनातला होम मात्र यात ओढू नका. तो 'हु' धातूचा, आहुती देणारा. म्हणजे तोतये दोन झाले.)

फिनिशमध्ये घराला, आपल्या घराला, 'कोती' म्हणतात. शंकूच्या आकाराची झोपडी ती 'कोता'. हंगेरियन 'हाझ' याच कुळातला. इथे 'कुटी' आठवून तुमचे डोळे चमकतील. माझेही चमकले होते. नुसत्या आवाजावरून सोयरीक जुळवायची नाही, एवढंच म्हणते.

असे तोतये फिनिशमध्ये पुष्कळ. 'टाय'च्या स्पेलिंगचा शब्द तिथे 'तिए', म्हणजे रस्ता. हेलसिंकीतल्या मुख्य रस्त्याला 1942 साली फिनलंडचे सेनापती मार्शल मानेरहेइम यांचं नाव दिलं, तो मानेरहेइमिन्तिए. पाटीवर शेवटी इंग्रजी गळपट्टा दिसतो आणि मध्ये ते 'हेइम'. एकाच पाटीवर 'होम'चा भाऊबंदही आणि तोतयाही! इंग्रजी 'मी'चं (एम-ई) स्पेलिंग म्हणजे आम्ही, 'ही'चं (एच-ई) म्हणजे ते सगळे, 'ऑन'चं म्हणजे आहे. खरोखर सामायिक शब्द हवा तर 'साउना' घ्या. तो इंग्रजीनं फिनिशकडून उचलला आणि उच्चार बिघडवून 'सॉना' केला. आपण बिघडलेलाच घेतला. उलट बाजूला फिनिश 'कुनिंगास', म्हणजे राजा. हा जर्मानिकांकडून इतक्या पूर्वी घेतला की इंग्रजीत झिजून 'किंग' उरला, तरी फिनिशनं तो जवळजवळ मूळ रूपात जपला. दिसायला परके, पण नातं पक्कं.

राहता राहिली घर आणि बुरशी एकाच अक्षरांत बसण्याची गंमत. संस्कृतात 'क्षय' हा शब्दही असाच आहे. झिजणे, नाश हा अर्थ आपल्या ओळखीचा, पण वेदांमध्ये 'क्षय' म्हणजे राहण्याची जागाही! दोन वेगळ्या 'क्षि'धातूंपासून आलेले, पण अक्षरं तीच. पाणिनीला घोळ दिसला असणार. त्यानं सूत्रच केलं : 'क्षयो निवासे'. अर्थ निवासस्थान असेल तर सूर पहिल्या अक्षरावर चढतो. फिनिशमध्ये हाही उपाय नाही, आघात नेहमी पहिल्याच अक्षरावर.

मुलीनं शेवटी कुठे बिऱ्हाड केलं, तेवढं कळवा. घर बघायला जाईल तेव्हा तळघराचं दार उघडून आधी वास घे म्हणावं.