परतफेडीचा हिशेब पुण्याच्या पगारात मांड

प्रिय,

अनेक उत्तम आशीर्वाद.

नोकरी सोडून, ४० लाखांचे कर्ज काढून अमेरिकेत पदव्युत्तर शिक्षणाला जावे का, असे विचारणारे तुझे पत्र आणि सोबतचा हिशेबाचा तक्ता काळजीपूर्वक वाचला. तक्ता मेहनतीने केला आहेस, पण परतफेडीचा रकाना अमेरिकेतला पगार गृहीत धरून मांडला आहेस आणि माझी मुख्य हरकत त्यालाच आहे. पदवी घेऊन पुण्याला परत यावे लागले तर हप्ता कोणत्या पगारातून भरशील, हे आधी ठरव आणि मगच विद्यापीठांची यादी उघड.

४० लाखांचे कर्ज ११ टक्के व्याजाने १० वर्षांत फेडायचे म्हटले, तर महिन्याचा हप्ता साधारण ५५ हजार रुपये पडतो आणि एकूण परतफेड ६६ लाखांच्या घरात जाते. शिक्षण चालू असताना हप्ता सुरू होत नसला तरी व्याज साचतच असते, ते यात धरलेले नाही. दोन वर्षांचा बुडालेला पगारही धरलेला नाही. आता हा हप्ता खराडी किंवा हिंजवडीतल्या नोकरीत तुला मिळू शकेल अशा पगारातून, घरखर्च वजा करून, निघतो का ते बघ. निघत असेल तर जोखीम तुझ्या आवाक्यातली आहे आणि मी तुला अडवणार नाही. निघत नसेल तर कर्जाची रक्कम कमी कर, त्यासाठी एक वर्ष थांबावे लागले तरी चालेल. कोथरूडचा फ्लॅट तारण ठेवायला आईबाबा तयार आहेत, असे तू लिहिलेस. त्यांनी ते प्रेमापोटी म्हटले आहे, म्हणूनच ते वापरताना शंभरदा विचार कर. बाबांच्या निवृत्तीनंतर ते घर हाच त्यांचा आधार असणार आहे.

अमेरिकेतला पगार का धरू नये, तेही सांगतो. तांत्रिक विषयातल्या पदवीनंतर तिथे १२ महिने आणि वाढीव २४ महिने, म्हणजे एकूण तीन वर्षे काम करता येते. त्यानंतर बहुतेकांना एच-१बी, म्हणजे तिथे नोकरी करण्याचा व्हिसा, लागतो. त्याची वार्षिक मर्यादा ६५ हजारांची आहे, शिवाय तिथल्या पदव्युत्तर पदवीधरांसाठी २० हजार वेगळे. मागणी त्याहून कितीतरी जास्त असल्याने उत्तम काम करणाऱ्यांचाही नंबर लागत नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील कर्मचाऱ्यांसाठीच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्क लावण्याचा आदेश निघाला. म्हणजे एकदा परत आल्यावर पुण्यातून पुन्हा तिकडे जाण्याची वाट पूर्वीपेक्षा फारच अवघड झाली आहे.

जर्मनीबद्दल तू ‘तिथे फी नाही’ असे लिहिले आहेस, ते सरसकट खरे नाही. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात, आणि म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ पासून अशा विद्यार्थ्यांना शुल्क लावले आहे. राहण्याच्या खर्चासाठी वर्षाचे सुमारे १२ हजार युरो आधीच खात्यात अडकवून दाखवावे लागतात. तरीही एकूण कर्ज बरेच कमी होते, आणि पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात, म्हणून तुझ्या परिस्थितीत मला हा पर्याय अधिक योग्य वाटतो. मात्र जर्मन भाषेवाचून नोकरीची दारे फारशी उघडत नाहीत. मॅक्समुल्लर भवनात किंवा रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मनच्या वर्गांची आजच चौकशी कर.

पैशांइतकाच दुसरा प्रश्न महत्त्वाचा आहे, आणि तुझ्या पत्रात त्यावर एकच ओळ आहे: तुला नक्की शिकायचे काय आहे? चार वर्षे जावा या प्रोग्रामिंग भाषेत बॅकएंडचे, म्हणजे सर्व्हरच्या बाजूचे, काम केल्यावर तिथे जाऊन वेब आणि क्लाउडचेच विषय घेणार असशील, तर तुझ्या कामाने तुला जे शिकवले त्यात फारशी भर पडणार नाही. कंपायलर, चिप डिझाइन, रोबोटिक्स किंवा डेटाबेसचा गाभा असे काही खुणावत असेल तर गोष्ट वेगळी. त्या कामांत खोलवरचे शिक्षण खरोखर उपयोगी पडते. याची परीक्षा घरबसल्या घेता येते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या डेटाबेस विषयाची व्याख्याने आणि ‘बसटब’ नावाचे प्रकल्प सर्वांसाठी खुले आहेत. त्यातला बफर पूलचा (डेटाबेसची माहिती मेमरीत सांभाळणाऱ्या भागाचा) प्रकल्प शनिवार-रविवारी बसून पूर्ण कर आणि मग बी-प्लस ट्रीचा (नोंदी झटपट शोधून देणाऱ्या रचनेचा) घे. ऑफिस सांभाळून, कोणी गुण देणारे नसताना, त्यात तुझे मन रमले तर माझा अर्ध्याहून अधिक विरोध मावळेल. कंटाळून तो अर्ध्यात सुटला, तर तुला हवी आहे ती बहुधा चांगली टीम आणि चांगला पगार, आणि त्यासाठी ४० लाखांचे कर्ज काढण्याची गरज नाही.

शिकण्याची ओढ खरी असूनही पैशांचे गणित जमले नाही, तर जॉर्जिया टेक या अमेरिकी विद्यापीठाचा संगणकशास्त्राचा ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रम २०१४ पासून सुरू आहे, तो नोकरी सांभाळून अगदी थोड्या खर्चात करता येतो. गेट ही प्रवेश परीक्षा देऊन आयआयटीत एम.टेक. केलेस तर उलट दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळते. मैत्रिणी परदेशी निघाल्या म्हणून हे पर्याय कमी प्रतीचे ठरत नाहीत.

एक विनंती आहे. सल्ला फुकट देणाऱ्या कन्सल्टन्सीला, विद्यापीठाकडून कमिशन मिळते का, हे सरळ विचार. आणि परतफेडीचा रकाना पुण्याच्या पगारावर नव्याने मांडून मला पाठव. तोवर राजीनामा देऊ नकोस आणि फ्लॅटच्या कागदांवर आईबाबांची सही घेऊ नकोस.

तुझा,
सर