नंबर गेला, मग चाळिशी कुठून आली?

प्रश्न : वय ४४. दीड महिन्यापूर्वी दोन्ही डोळ्यांचं लॅसिक (नंबर घालवायचं लेझर ऑपरेशन) केलं. आधी मायनस ५ नंबर होता. आता लांबचं लख्ख दिसतं, पण मोबाइल हात लांब करून वाचावा लागतो. दिंडोरीच्या बागेतून रात्री नाशिकला येताना समोरच्या दिव्यांभोवती वलयं दिसतात. संध्याकाळी डोळ्यांत कचकच होते. ऑपरेशन फसलं का?
— एक द्राक्ष बागायतदार, नाशिक

उत्तर : लक्षणांवरून तसं वाटत नाही. मायनस ५ च्या डोळ्याला चष्मा काढला की २० सेंटिमीटरवरचं आपोआप स्पष्ट दिसतं. ती सोय नंबराबरोबर गेली. लेझर बुबुळाला (कॉर्निया, डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग) आकार देतो. आतल्या भिंगाचा वयाने आलेला ताठरपणा तसाच राहतो. म्हणजे ही तुमची नेहमीची चाळिशीच. प्लस १ ते दीडच्या आसपास नंबर निघेल, पण पक्का चष्मा तीन महिन्यांनी, नंबर स्थिरावल्यावर करा.

अंधारात बाहुली मोठी होते आणि लेझर केलेल्या भागाच्या कडेवरूनही प्रकाश आत शिरतो, त्याची ही वलयं. बहुतेकांची तीन ते सहा महिन्यांत फिकी पडतात. तोवर गाडीची पुढची काच आतूनही पुसा (तेलकट थर आतच असतो), आणि रात्री पिवळा गॉगल नको, त्याने उजेड आणखी घटतो.

कचकच कोरडेपणाची. फ्लॅप (बुबुळाचा वरचा पातळ पापुद्रा) कापताना बुबुळाच्या बारीक नसाही कापल्या जातात, म्हणून अश्रू कमी येतात. एक परीक्षा करा : धूसर दिसताना चार-पाचदा पापण्या मिटा. स्वच्छ झालं तर कोरडेपणा; तसंच राहिलं तर नंबर तपासा. प्रिझर्वेटिव्ह नसलेले कृत्रिम अश्रूंचे थेंब वापरा, एका वेळी एकच थेंब. दुसरं औषध पाच मिनिटांनी. उरलेली स्टिरॉइडची बाटली मनाने चालू ठेवू नका. डोळ्यातला दाब वाढू शकतो, आणि पातळ झालेल्या बुबुळावर तो मोजताना कमीच भरतो.

बागेत गंधक धुरळताना किंवा फवारताना कडेने बंद असणारा गॉगल हवाच. डोळा चोळायचा नाही. औषध उडालं तर लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुऊन दवाखाना गाठा.

दुखणं, लाली, नजर घटणं, विजेसारख्या चमका, अचानक वाढलेले काळे ठिपके किंवा पडदा आल्यासारखं वाटणं, यांतलं काहीही झालं तर त्याच दिवशी दाखवा. नंबर गेला तरी मायनस नंबरच्या डोळ्याची वाढलेली लांबी आणि तिने ताणलेला आतला पडदा (रेटिना) तसाच आहे, त्यामुळे बाहुली मोठी करून तो वर्षातून एकदा तपासायचाच. आणि ऑपरेशनआधीचे नंबराचे कागद फेकू नका. पुढे मोतीबिंदू झाला, तर बसवायच्या कृत्रिम भिंगाचा हिशेब करताना डॉक्टर तेच मागतील.