गाडीचा दवाखाना : आपोआप चालणारे वायपर

प्रश्न : खंबाटकीजवळ खडी उडून पुढची काच फुटली. साताऱ्यात नवी काच बसवून घेतली. तेव्हापासून दांडी ‘ऑटो’वर ठेवली की कोरड्या उन्हात वायपर फिरतात आणि खऱ्या पावसात कधीकधी हलतही नाहीत. काचवाला म्हणतो, सेन्सर गेला, नवा घाला. घालावा का?
– वाचक, सातारा

उत्तर : एवढ्यात घालू नका. काच बदलली त्या दिवसापासूनच बिघाड सुरू झाला, तर आधी संशय घ्यायचा तो सेन्सर आणि काच यांच्यामधल्या जेल पॅडवर.

आरशामागे काचेला आतून चिकटलेला हा सेन्सर काडेपेटीच्या आसपासच्या आकाराचा असतो. त्यातले एलईडी डोळ्याला न दिसणारा अवरक्त प्रकाश साधारण ४५ अंशांत काचेत सोडतात. काचेबाहेर हवा असेल तर ४२ अंशांपेक्षा तिरका प्रकाश बाहेर पडत नाही, सगळा परत फिरतो. तिथे पाण्याचा थेंब बसला की ही मर्यादा ६२ अंशांपर्यंत सरकते, काही प्रकाश थेंबातून निसटतो आणि परत येणारा कमी पडतो. किती कमी पडला आणि किती वेगाने, यावरून वायपरची गती ठरते. म्हणजे सेन्सरला आभाळातला पाऊस कळत नाही, काचेचा तेवढाच तुकडा कळतो.

हा प्रकाश सेन्सरमधून काचेत नीट शिरावा म्हणून मध्ये पारदर्शक सिलिकॉनचा मऊ पॅड असतो. काच काढताना तो ताणतो, त्यावर धूळ आणि बोटांचे ठसे बसतात. तोच पुन्हा दाबून बसवला की हवेचे बुडबुडे राहतात. उन्हाने काच तापली की बुडबुडे फुगतात, सरकतात. परत येणारा प्रकाश बदलतो आणि सेन्सर त्याला पाऊस समजतो. पॅड बराच सुटला असेल तर प्रकाश काचेपर्यंत पोचतच नाही, मग धो धो पावसातही वायपर गप्प. तुमच्या गाडीची दोन्ही लक्षणे यात बसतात.

तपासणी घरी होते. बाहेरून काचेला टॉर्च लावून सेन्सरच्या जागी तिरके बघा. पॅड नीट चिकटलेला असेल तर जागा एकसारखी गडद दिसते. चंदेरी ठिपके किंवा कडेला रुपेरी चट्टा दिसला की ती हवा.

पॅड बदलताना इग्निशन बंद हवे. आरशामागचे प्लास्टिकचे कव्हर उघडा, सेन्सरच्या दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग क्लिपा चपट्या स्क्रू ड्रायव्हरने अलगद उचला, वायरीचा सॉकेट काढा. जुना पॅड पूर्ण सोलून टाका. काच आणि सेन्सरचा चेहरा आयसोप्रोपिल अल्कोहोलने, दोरे न सुटणाऱ्या कापडाने पुसा आणि वाळू द्या. नव्या पॅडची एका बाजूची फिल्म काढून तो एका कडेपासून लोळवत सेन्सरवर बसवा, मग दुसरी फिल्म काढून सेन्सर सरळ काचेवर दाबा. पॅडला बोट लागू देऊ नका. एक ठसाही पुरतो. क्लिपा दोन्हीकडे ‘टक्’ झाल्या पाहिजेत. एक बाजू अर्धवट राहिली की आठवड्यात हवा शिरते. पॅड तुमच्या सेन्सरच्या मापाचाच घ्या. त्याऐवजी सोनोग्राफीचे जेल किंवा काच चिकटवायचे सिलिकॉन भरणारे मिस्त्री भेटतात, पण जेल वाळते आणि सिलिकॉन कडक होऊन पुढच्या वेळी सेन्सर तोडूनच काढावा लागतो.

पॅड बदलूनही फरक पडला नाही तर दोन गोष्टी पाहा. काच सेन्सरवाल्या मॉडेलचीच आहे का? वरच्या काळ्या पट्ट्यात सेन्सरसाठी मोकळी खिडकी आणि त्याच मापाचा ब्रॅकेट हवा. आणि काही गाड्यांत नव्या काचेनंतर स्कॅनर लावून, काच कोरडी आणि स्वच्छ असताना सेन्सरचे कॅलिब्रेशन करावे लागते. हे दोन्ही झाल्यावरच नव्या सेन्सरचा विचार करा. जुन्या काचेवरचा फास्टॅग सोलून नवीन काचेवर लावला असेल तर तोही बदलून घ्या. सोलताना त्याची अँटेना तुटते.

प्रश्न : पाचगणी-महाबळेश्वरला वारंवार जाणे होते. दाट धुक्यात ऑटो वायपर थांबून राहतात. उलट कधी पाऊस नसताना फिरत सुटतात.
– वाचक, वाई

उत्तर : धुक्याचे थेंब इतके बारीक असतात की त्या छोट्या तुकड्यावर प्रकाशात लक्षात येण्याजोगा फरक पडायला वेळ लागतो. तोवर तुमच्या डोळ्यांसमोरची काच पांढरी झालेली असते. पसरणी चढायला लागलात आणि धुके दिसले की ऑटो सोडा, हाताने थांबून-थांबून चालणारी गती लावा. घाटात वायपर सेन्सरच्या भरवशावर ठेवणे आम्हाला पसंत नाही.

पाऊस नसताना वायपर फिरण्याचे कारण बहुधा तुमच्या एसीत आहे. थंड हवेचा झोत काचेवर असला की काच गार होते आणि पावसाळ्यातल्या दमट हवेचे दव काचेच्या बाहेरच्या बाजूवर जमते. सेन्सरच्या लेखी तो पाऊसच. ओळख सोपी : वायपर फिरला की काच स्वच्छ होते आणि मिनिटाभरात पुन्हा धुरकट. झोत पायाकडे किंवा अंगाकडे वळवा, तापमान दोन-तीन अंशांनी वाढवा. वायपरने न जाता आतून हात फिरवल्यावर जाते ते आतले धुरकटपण. त्याला एसी चालू ठेवून काचेवर कोमट हवा सोडणे हा उपाय.

प्रश्न : पाऊस थांबला तरी वायपर थांबत नाहीत. गाळपाच्या दिवसांत हा त्रास फार होतो.
– वाचक, इस्लामपूर

उत्तर : गाळपाच्या दिवसांत पाचट जळल्याची काजळी, कारखान्याच्या धुराड्यातली राख आणि ट्रॉल्यांच्या चाकांची माती मिळून काचेवर तेलकट थर बसतो. त्यावर वायपर फिरला की पाणी निघत नाही, फरफटते. ती ओली रेघ नेमकी सेन्सरपुढून गेली तर सेन्सर पुन्हा ‘पुसा’ म्हणतो, आणि पुसले की पुन्हा रेघ. झिजलेल्या रबरानेही असेच होते.

रबराची कड ओल्या कापडाने पुसा. कापड काळे होत राहिले, कड चिरलेली किंवा एका बाजूला वळलेली दिसली की रबर बदला. उन्हाळ्यात रबर कडक होते, म्हणून मृगाच्या आधी बदलणे उत्तम. काच शाम्पूच्या पाण्याने धुवा. बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग असतील तर पांढरे व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन दोन-तीन मिनिटे ओले ठेवा, मग धुऊन टाका. डाग जात नाही म्हणून तारेची घासणी लावू नका. सेन्सरपुढचे ओरखडे आयुष्यभर पावसासारखे दिसतात. पाणी घरंगळून जावे म्हणून काचेवर कोटिंग करणार असाल तर तेवढी जागा सोडून करा.

प्रश्न : वॉशिंग सेंटरवर पाण्याचा फवारा लागताच वायपर अचानक फिरले. नुकसान होते का?
– वाचक, मिरज

उत्तर : होते. कापड दाबून धरलेल्या हाताला दांडा लागतो. तो अडकला की मोटरचे जोड सैल होतात. धुवायला देताना इग्निशन बंद करा आणि दांडी ‘ऑफ’वर आणा.