नातं लांबून चाललंय, रिटायर झाल्यावर त्याच्या देशात राहायला जायचं आहे, प्लॅनिंग कसं करू?

ताई, तुमचा प्रश्न तसा पैशाचा आणि कागदपत्रांचा आहे. वय ५५, नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा नोकरीला लागलाय, परदेशातल्या एका माणसाशी नातं जमलंय आणि ते सगळं फोनवरच चाललंय, तीन वर्षांनी रिटायर झालात की तिकडे जायचं म्हणताय, तर घर विकून पैसे घेऊन जावं का आणि तयारी काय करावी. पण शेवटी तुम्ही जाता जाता लिहिलंय की घरचे म्हणतात, त्याला बायको नकोय, म्हातारपणी सेवा करायला बाई हवीय. त्या एका वाक्यासाठी मी लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या सख्ख्या थोरल्या भावाच्या तोंडून ऐकलंय, तेही माझ्याच पडवीत बसून, मीच केलेला चहा पिताना.

आधी घराचं सांगून टाकते. घर विकू नका. भाड्याने द्या, बंद ठेवा, काहीही करा, पण तुमच्या नावावर राहू दे. आणि जायच्या आधी मुलाच्या नावाने बक्षीसपत्र करून द्या असं जो कोणी सांगेल त्याचं ऐकू नका, मुलगा कितीही चांगला असला तरी. मृत्युपत्र करा, रजिस्टर करा, झालं. परत यावंसं वाटलं तर कुणाची परवानगी न घेता कुलूप उघडून आत जाता आलं पाहिजे.

आता माझं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, राजापूर तालुक्यात. २०१५ साली एक गृहस्थ शाळेत आले, हातात एक झेरॉक्स. मॉरिशसचे. तिकडे मोका नावाच्या गावी महात्मा गांधी इन्स्टिट्यूट आहे, तिथे इंग्रजांनी उसाच्या मळ्यांवर नेलेल्या मजुरांची रजिस्टरं जपून ठेवलीत. नाव, बापाचं नाव, जात, जिल्हा, गाव, कुठल्या जहाजाने आला, काहींचे फोटोसुद्धा. यांच्या खापरपणजोबांची नोंद त्यात सापडली होती, जिल्हा रत्नागिरी, आणि गावाचं नाव कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं इंग्रजीत लिहिलेलं, त्यामुळे आमच्याकडची दोन-तीन गावं त्यात बसत होती. कुणीतरी त्यांना सांगितलं शाळेत बाईंना विचारा. गाव कुठलं ते शेवटपर्यंत नक्की झालं नाही, पण हे गृहस्थ स्वतः तिकडच्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवून रिटायर झालेले, बायको आधीच गेलेली, त्यामुळे आमचं बोलणं शाळा, मुलं, पुस्तकं यावरून सुरू झालं ते संपलंच नाही. आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजले की तिकडे साडेसात, त्यांचं जेवण व्हायचं असायचं, माझं आवरलेलं असायचं, त्या वेळेला फोन. मग ते यायचे, एकदा मी सुट्टीत गेले. २०२० च्या मार्चमध्ये विमानं बंद झाली आणि आपल्याकडची नेहमीची आंतरराष्ट्रीय विमानं सुरू व्हायला २७ मार्च २०२२ उजाडला. तेवढा सगळा काळ नुसता फोन. लांबचं नातं म्हणजे टाइमपास असं म्हणणाऱ्यांनी एकदा तशी दोन वर्षं काढून दाखवावीत.

मी रिटायर झाले आणि दादाला सांगितलं की आम्ही लग्न करतोय. तेव्हा तो ते वाक्य बोलला. वर म्हणाला, त्याच्या मुली फ्रान्सला, त्याला पाहणारं कोणी नाही, तू आयती पेन्शनवाली नर्स मिळतेस. वहिनी खाली बघत बसली. मी त्या दिवशी काही बोलले नाही.

त्याच वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. बरीच वर्षं दुखत होता, वर्गात उभं राहून राहून वाट लागलेली. कोल्हापूरला नी रिप्लेसमेंट करायची ठरली. मुलगी पुण्याला, तिचं बाळ लहान, ती चार दिवस येऊ शकत होती. दादा म्हणाला बाई ठेव. आणि हे तिकडून टुरिस्ट व्हिसा काढून आले. परदेशी माणूस घरी राहायला आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला फॉर्म भरून कळवावी लागते (तेव्हा त्याला सी फॉर्म म्हणत), पाहुणा असला तरी, हे तुम्हीही लक्षात ठेवा, तो तुमच्याकडे राहायला आला तर ती जबाबदारी घरमालक म्हणून तुमची. मी हॉस्पिटलमधून घरी येईपर्यंत यांनी पुढची खोली रिकामी करून पलंग खिडकीजवळ आणला होता, सतरंज्या-पायपुसणी सगळी गुंडाळून माळ्यावर टाकलेली, वॉकर अडकू नये म्हणून. बाथरूमला हातात धरायचा दांडा सुताराकडून बसवून घेतलेला, कमोडची खुर्ची आणलेली.

पहिले आठ-दहा दिवस किती वाईट असतात ते ज्याचं झालंय त्यालाच माहीत. रात्री पाय ठणकतो, कुशीवर वळता येत नाही, लघवीला उठायचं म्हणजे दुसरं माणूस लागतं. हे उठायचे. रात्री कितीही वेळा. फिजिओथेरपीवाला मुलगा यायचा तो गुडघा वाकवायला लावायचा, मी रडायचे, हे समोर स्टुलावर बसून आकडे म्हणायचे आणि मी थांबले की तेही थांबायचे, पुढचा आकडा म्हणायचे नाहीत. आणि दुपारी शेवग्याच्या पाल्याचं पातळ सार. आपण पाल्याची भाजी करतो, खोबरं घालून. तिकडे कांदा-लसूण-आलं परतून त्यात पाणी उकळतात आणि पाला शेवटी टाकून लगेच उतरवतात, भातावर घेतात. आमच्या मागच्या दारी शेवगा आहे, हे रोज सकाळी पाला काढून पेपरवर पसरून एक एक डहाळी ओरबाडत बसायचे.

एका दुपारी दादा आला. न सांगता. हे तेव्हा कमोडचं भांडं धूत होते मागच्या मोरीवर, बाह्या वर केलेल्या. दादाने बघितलं. मग दादाला त्यांनी जेवायला बसवलं, तेच सार आणि भात आणि सुकटीची चटणी. दादा जेवला. दोनदा सार घेतलं. मी पलंगावरून बघत होते. नर्स कोण कुणाची झाली ते मला त्याला विचारायचं होतं, विचारलं नाही कारण वहिनी बरोबर होती आणि तिचं काही चुकलं नव्हतं. पण आज इथे लिहिते, दादा हे वाचतो मला माहीत आहे. दादा, आपल्या आईचं शेवटचं आजारपण मी एकटीने काढलं, तेव्हा घरातल्या कुठल्या पुरुषाने भांडं उचललं होतं? तेव्हा ती सेवा कुणाला दिसली नाही. मी स्वतःच्या मनाने कुणाबरोबर राहायचं म्हटल्यावरच बरी दिसायला लागली.

तर ताई, घरचे सेवेचं बोलतात तेव्हा खरी काळजी बहुतेक वेळा घराची आणि पैशाची असते. आम्ही स्पेशल मॅरेज ॲक्टखाली लग्न केलं, त्यात ३० दिवसांची नोटीस लागते, बोर्डावर लावतात. दादा तिथे जाऊन आक्षेप घेता येतो का विचारून आला. आक्षेप कशावर घेता येतो ते १९५४ च्या त्या कायद्यात ठरलेलं आहे. आधीचा नवरा किंवा बायको हयात असणं, वय, मनाची स्थिती, जवळचं नातं, एवढंच. बहिणीचं घर कुणाला जाईल हा त्यात आक्षेप होत नाही. महिनाभराने सही केली, मुलगी साक्षीदार होती. (परदेशी माणसाला तो सध्या अविवाहित किंवा विधुर आहे असा त्याच्या देशाचा दाखला आणावा लागतो, ते आधीपासून मागवून ठेवा, वेळ जातो.)

आता तुम्ही विचारलेलं थोडं. तुम्ही देशच लिहिला नाहीये, त्यामुळे व्हिसाचं मी मॉरिशसचंच सांगू शकते. तिथे पन्नाशीच्या पुढच्या परदेशी माणसाला १० वर्षांचं रिटायरमेंट परमिट मिळतं, पण दर महिन्याला ठरलेले डॉलर तिकडच्या बँकेत बाहेरून आणावे लागतात आणि जिल्हा परिषदेच्या पेन्शनमध्ये ते बसत नाही. मी बायको म्हणून राहते. तुमची ऐपत असेल तर मात्र तुम्ही स्वतःच्या नावावरचा व्हिसाच घ्या. बायको म्हणून मिळालेला व्हिसा त्या माणसाच्या जिवावर असतो, उद्या त्याचं काही झालं तर दुःख करायचं की इमिग्रेशनच्या ऑफिसात रांग लावायची? घर-जमीन घेण्याचं तर नावच काढू नका, मॉरिशसमध्ये परदेशी माणसाला ठरावीक स्कीममधली सोडून परवानगीशिवाय घेताच येत नाही, बऱ्याच देशांत असंच काहीतरी असतं.

आणि जायच्या आधी त्याच्या घरी राहून बघा, तेही वाईट ऋतूत. सगळे डिसेंबरात जातात, समुद्र बघतात आणि खूश होऊन येतात. मी जुलैत गेले, तिकडे तेव्हा थंडी, हे राहतात त्या व्हाकोआला नुसती भुरभुर पाऊस आणि गारठा, कपडे वाळत नाहीत, गुडघा बोलायला लागतो. जानेवारी-फेब्रुवारीत वादळं. जानेवारी २०२४ ला बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या, चार नंबरचा इशारा लागला की घराबाहेर पडायचंच नाही. हे सगळं बघूनही राहावंसं वाटलं तर राहा. मला वाटलं. गणेश चतुर्थीची तिकडे सरकारी सुट्टी असते, आमच्या गल्लीत आरती मराठीत होते, हेही खरं.

पैशाचं. कायमचं राहायला गेलात की साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्या भारतीयांचं इथलं खातं, करावं लागतं, सीनियर सिटिझन स्कीम किंवा पीपीएफ नवीन उघडता येत नाही, म्हणून जे उघडायचं ते आणि बाकीचे व्यवहार आधीच विचारून घ्या. निवासी असताना वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात, पण स्वतःच्या राहण्या-खर्चासाठी १० लाख रुपयांच्या वर पाठवले की २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, आधी कापून घेतात, तो रिटर्नमध्ये मिळतो पण वर्षभर अडकतो. एनआरओतून वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत नेता येतात, सीएचं सर्टिफिकेट लागतं. उद्या घर विकायचंच झालं तर एनआरआय म्हणून विकताना टीडीएस खूप जास्त कापला जातो, निवासी माणसाला ५० लाखांच्या पुढे एक टक्का असतो. मेडिक्लेम बंद करू नका, साठीनंतर नवीन घ्यायला गेलात तर महाग पडेल आणि वेटिंग पिरियड वेगळा, आणि तो बहुतेक भारतातल्याच उपचारांना चालतो म्हणून तिकडचा वेगळा बघावा लागेल. हयातीचा दाखला आता मोबाइलवर चेहरा दाखवून होतो, नोव्हेंबरात, आधार आणि मोबाइल नंबर लिंक आहे ना ते बघा आणि भारतातला नंबर चालू ठेवा, नाहीतर ओटीपी येणार नाहीत आणि सगळं अडेल. मुखत्यारपत्र द्यायचंच तर एका कामापुरतं द्या, सगळ्याचं देऊ नका, भावाला तर नाहीच.

आमचं आता निम्मं इकडे निम्मं तिकडे असं चाललंय. १२ मार्च २०२४ ला राष्ट्रपती मुर्मू तिकडे गेल्या होत्या तेव्हा मॉरिशसच्या भारतीय वंशाच्या लोकांना सातव्या पिढीपर्यंत ओसीआय, म्हणजे परदेशी नागरिक असूनही भारतात येऊन राहता येण्याचं कार्ड, मिळेल असं जाहीर झालं, त्यासाठी तीच मोकाची नोंद कामाला आली, जी घेऊन हे शाळेत आले होते. म्हणून माझं म्हणणं, बाईनेच सगळं उचलून जायचं हे कुणी ठरवलं? तोही येऊ शकतो का ते त्याला सरळ विचारा. तो काय उत्तर देतो, किती वेळ घेतो, त्यावरून तुम्हाला त्या सेवेच्या वाक्याचं उत्तर मिळेल, माझ्या उत्तरापेक्षा पक्कं. भारतात वर्षाला १८२ दिवस भरले की टॅक्ससाठी निवासी होता, तेव्हा येण्या-जाण्याच्या तारखा लिहून ठेवा.

एक महत्त्वाचं राहिलं. मला माझी स्वतःची पेन्शन आहे. तुम्हाला नवऱ्याची फॅमिली पेन्शन येत असेल तर पुनर्विवाहानंतर ती बऱ्याच ठिकाणी थांबते, तुमच्या खात्याचा नियम लेखी काढून घ्या आणि मगच सही करा. आणि माझा माणूस मराठी बोलतो, वरण-भात खातो, त्यामुळे मला जेवढं सोपं गेलं तेवढं तुम्हाला जाईलच असं नाही. देश कुठला आणि त्याच्या घरी आणखी कोण कोण आहे ते कमेंटमध्ये लिहा, तिकडच्या ओळखीतल्या बायकांना विचारून सांगते.