डाव्या पानावर पाठ, उजव्या पानावर बातमी

पत्र थोडक्यात असं : "मी कोल्हापुरात मराठी माध्यमात दहावीत शिकते. गेल्या जूनपासून एक वही ठेवली आहे. डाव्या पानावर विज्ञानाच्या पाठात काय शिकले ते, उजव्या पानावर त्याच्याशी जुळणारं पेपरातलं कात्रण आणि खाली मला काय वाटलं ते. शुभांशू शुक्ला अंतराळात गेले तेव्हा मला इस्रोत जायचं होतं. पंचगंगेला पाणी आलं तेव्हा धरणाची इंजिनिअर व्हायचं होतं. नांदणी मठातल्या महादेवी हत्तिणीला कोर्टाच्या आदेशानं वनतारात नेलं तेव्हा प्राण्यांची डॉक्टर. बाबा म्हणतात, तू चंचल आहेस, वहीनं मार्क मिळत नाहीत, अकरावीला जेईईचा इंटिग्रेटेड क्लास (कॉलेज आणि क्लास एकत्र) लावू. मैत्रिणी म्हणतात, पत्रकार हो. पहिल्या सराव परीक्षेत विज्ञान भाग १ मध्ये ४० पैकी २७ पडले. वही बंद करू का? आणि पुढे काय घेऊ?" सोबत वहीच्या काही पानांच्या झेरॉक्स जोडल्या आहेत.

प्रिय विद्यार्थिनी,

माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक पत्रांत प्रश्न एकच असतो, 'कशाला स्कोप आहे?' तू पानं पाठवलीस, त्यामुळे बोलायला काहीतरी हातात आहे. पत्र एकदाच वाचलं, पानं मात्र पुन्हा पुन्हा चाळली. तेव्हा आधी पानांबद्दल.

अंतराळ स्थानकाचं पान बघ. पेपरात छापलं होतं, 'शून्य गुरुत्वाकर्षणात शुक्ला यांचा मुक्काम'. तू डावीकडे गुरुत्वाकर्षणाच्या पहिल्या पाठातलं सूत्र लिहिलंस आणि उजवीकडे सरळ गणित मांडलंस. पृथ्वीची त्रिज्या ६४०० किलोमीटर, स्थानक वर साधारण ४००, म्हणजे केंद्रापासून ६८००. पडणाऱ्या वस्तूचा वेग तिथे दर सेकंदाला किती वाढतो, त्याचं उत्तर आलं ८.७ मीटर प्रति सेकंद. जमिनीवर ९.८, तिथे ८.७! खाली पेन्सिलीनं लिहिलंस, 'मग शून्य कुठंय? पेपर चुकला की मी?' तू चुकलेली नाहीस. गुरुत्वाकर्षण तिथेही आहे, म्हणून तर स्थानक पृथ्वीभोवती फिरत राहतं. स्थानक आणि आतली माणसं एकाच वेगानं एकत्र पडत असतात, त्यामुळे वजन जाणवत नाही. त्याच पाठाच्या शेवटी वजनरहित अवस्थेवर एक परिच्छेद आहे, तो राहिलेला दिसतो. पण छापील मथळ्याला सूत्र लावून पाहणं दहावीत कुणाला फारसं सुचत नाही.

आता हत्तिणीचं पान. वाईट वाटून घेऊ नकोस, हे तुझं सगळ्यात कच्चं पान आहे. राग भरपूर आहे आणि तो समजण्यासारखा आहे. नांदणीसाठी त्या दिवसांत अख्खा जिल्हा हळहळला. पण हत्तीच्या पायांना काय होतं, कळपात राहणाऱ्या प्राण्याला एकटं ठेवल्यावर काय होतं, यावर एक ओळ नाही. कोर्टाच्या निकालाची तारीख आहे, 'अन्याय' हा शब्द तीनदा आहे. ज्याला जनावरांचा डॉक्टर व्हायचंय त्याच्या पानावर आधी जनावर दिसायला हवं होतं.

आणि पुराची पानं. ती एक नाही, पाच आहेत, हे तुझ्या लक्षात आलंय का?

पहिल्या पानावर राधानगरी धरणाची बातमी आहे : एक स्वयंचलित दरवाजा उघडला, १४२८ क्युसेक विसर्ग. तू क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट हे शोधलंस, घनफुटाचे २८.३ लिटर केलेस आणि लिहिलंस, 'सेकंदाला चाळीस हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर दर सेकंदाला.' हिशोब बरोबर आहे. फक्त वीजगृहातून सोडलेलं पाणी धरायचं राहिलं, बातमीच्या खालच्या ओळीत ते वेगळं दिलेलं असतं. खाली तू विचारलंस, 'बटण कोण दाबतं?' त्याचं उत्तर, कुणीच नाही. धरण काठोकाठ भरलं की पाण्याच्याच दाबानं ते दरवाजे उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. तसे सात आहेत.

तिसरं पान मला सगळ्यात आवडलं. 'शहरात दिवसभर ऊन होतं, तरी पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी वाढत गेली. पाऊस नाही तर पाणी आलं कुठून?' त्या दिवसांत आपल्याकडे प्रत्येकाच्या स्टेटसला पातळीचे फूट-इंच असतात. ३९ फुटांना इशारा आणि ४३ ला धोका हे शेंबड्या पोरालाही पाठ असतं. पण ऊन आणि पातळी शेजारी मांडून कुणी प्रश्न विचारत नाही. तू उत्तरही लिहिलंस : पाऊस गगनबावड्याकडे आणि राधानगरीकडे पडलेला असतो, आणि ते पाणी कुंभी, कासारी, तुळशी, भोगावतीतून इथवर यायला वेळ लागतो. यात एक गोष्ट जोड. पाणी येतं किती याच्याइतकंच ते पुढे जातं किती यालाही महत्त्व आहे. पंचगंगा जिथे कृष्णेला मिळते त्या नृसिंहवाडीला कृष्णा फुगलेली असली की पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, फुगवटा मागे येतो. मग वर पाऊस थांबला तरी नदीकाठच्या चिखली-आंबेवाडीतलं पाणी हलत नाही.

पाचव्या पानावर मात्र घसरलीस. 'हे सगळं अलमट्टीमुळे', म्हणजे कृष्णेवरच्या कर्नाटकातल्या धरणामुळे, असं लिहून खाली दोन रेघा ओढल्यास. हे घरात, चौकात, सगळीकडे ऐकलेलं वाक्य आहे. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीला मुख्य कारण मानलं नाही. इथल्या अनेकांना ते आजही पटत नाही, आणि वाद चालू आहे. कोण खरं हे मी तुला सांगणार नाही. तूच बघ. अलमट्टीची पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची उंची, समुद्रसपाटीपासून ५१९.६० मीटर आहे. नृसिंहवाडीला नदीचा तळ किती उंचीवर आहे, मधलं अंतर किती, वाटेत बंधारे आणि पूल किती, हे शोध आणि नकाशावर मांड. मग रेघा ओढ, एक किंवा दोन.

आता तुझ्या चंचलपणाबद्दल. बातमी बदलली की स्वप्न बदलतं हे खरं, पण पंधराव्या वर्षी ते व्हायचंच. मी पाहतो ते वेगळं : कोणत्या पानावर तू आकडेमोड केलीस आणि कोणत्या पानावर नुसतं मत दिलंस. आकडेमोड जिथे आहे तिथे भौतिकशास्त्र आहे, पाणी आहे, हवा आहे. 'उष्णता' या पाठातल्या सापेक्ष आर्द्रतेवर तू दीड पान लिहिलंयस. पोरं तो भाग ऑप्शनला टाकतात!

म्हणून अकरावीला विज्ञान, आणि गणित काही झालं तरी सोडायचं नाही. जीवशास्त्र झेपत असेल तर तेही ठेव. पुण्याच्या आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेसाठी जी आयएटी प्रवेश परीक्षा असते तिच्यात भौतिक, रसायन, गणित, जीवशास्त्र चारही विषयांचे प्रश्न येतात. तिथला पाच वर्षांचा बीएस-एमएस अभ्यासक्रम तुझ्यासारख्या प्रश्न विचारणाऱ्या मुलांसाठीच आहे. ते जमलं नाही तर इथे भौतिकशास्त्रात बीएस्सी कर आणि पुढे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या वातावरण व अवकाश विज्ञान विभागात एमएस्सीचा विचार कर. पाषाणला उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे, शिवाजीनगरला हवामान विभागाचं जुनं सिमला ऑफिस आहे. पावसाचा अंदाज बांधणारी माणसं तिथे बसतात, आणि ती भौतिकशास्त्र, गणित शिकूनच तिथे गेलेली असतात. धरण, पूररेषा, विसर्ग यांतच रमणार असशील तर एमएचटी-सीईटीतून सिव्हिल, आणि पुढे एमपीएससीतून जलसंपदा विभाग. कुणी केव्हीपीवाय या विज्ञान शिष्यवृत्तीची तयारी कर म्हणालं तर हसून सोडून दे, ती २०२२ मध्येच बंद झाली.

पत्रकारिता आत्ताच नको. शिवाजी विद्यापीठातही तो विभाग आहे, विज्ञानाची पदवी झाल्यावर ते दार उघडंच राहतं. उलट्या दिशेनं येणं जवळपास अशक्य. मराठी वर्तमानपत्रांना 'शून्य गुरुत्वाकर्षण' छापण्याआधी थांबवणारं कुणीतरी हवंच आहे, पण आधी विषय शीक.

एक व्यवहाराची गोष्ट. अकरावीत सगळं इंग्रजीत येईल आणि मराठी माध्यमाची हुशार मुलं पहिल्या सहामाहीत तिथेच गांगरतात. परीक्षा झाली की सुट्टीत याच वहीतल्या प्रत्येक मराठी संज्ञेशेजारी इंग्रजी संज्ञा लिहून काढ. वेगळा कोर्स लावायची गरज नाही.

पुढचं बाबांसाठी, त्यांना वाचायला दे.

नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे. बोर्डाचा पेपर पाठ केलेल्या उत्तराला मार्क देतो, आणि ४०-४० च्या दोन पेपरांत वहीतली बातमी कामाला येत नाही. तिच्या २७ मार्कांचं कारणही तिनंच लिहिलंय : एकक लिहिलं नाही, भिंगाच्या आकृतीत बाण दाखवले नाहीत. हे तीन आठवड्यांत सुधारतं, आणि वहीचा त्यात दोष नाही. इंटिग्रेटेड क्लासबद्दल एवढंच विचारा की आठवड्याला प्रयोगशाळेत किती तास असतात. अनेक ठिकाणी कॉलेज नावापुरतं असतं आणि प्रात्यक्षिकं वर्षाच्या शेवटी चार दिवसांत उरकतात. ज्या मुलीला मोजून बघायची सवय आहे तिला दोन वर्षं नुसत्या एमसीक्यूत बसवणं मला पटत नाही. जेईई द्यायचीच असेल तर संध्याकाळचा क्लास लावा, कॉलेज मात्र खरं भरणारं निवडा. अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन आहेत, पसंतीक्रम देण्याआधी दोन-तीन कॉलेजांच्या प्रयोगशाळा मुलीला घेऊन बघून या.

आणि तुझ्यासाठी शेवटचं. वही बंद करू नकोस, परीक्षेपर्यंत रविवारी एकच पान लिही. पुढच्या पावसाळ्यात पेपरातली बंधाऱ्याची पातळी आणि गगनबावड्याचा पाऊस रोज दोन रकान्यांत लिहून ठेव. कसबा बावड्याला बंधाऱ्यावर पाणी बघायला मात्र जायचं नाही, घरी बसून लिहायचं. गगनबावड्याचा पाऊस वाढल्यावर किती तासांनी इथली पातळी वाढते, ते सप्टेंबरमध्ये मला लिहून पाठव.