लीड्सचा फिशकेक आणि मामा तलावातली मरळ

प्रश्न : मुलगा शिकायला इंग्लंडात लीड्सला आहे. तिथे ‘फिशकेक’ मागितला तर आलूच्या दोन चकत्यांमध्ये मासा घालून तळलेला आला. लंडनला तेच मागितलं तर चपटा वडा हातात पडला. असं का? सोमवार-गुरुवारी तो मांसाहार करत नाही, तेव्हा नुसते चिप्स (तिकडे आलूच्या तळलेल्या लांब फोडी) खातो.
— एक वाचक, ता. लाखनी, जि. भंडारा

उत्तर : आधी चिप्सचं बोलू. लीड्स यॉर्कशायर भागात येतं आणि तिथल्या पुष्कळ दुकानांत तळण गोमांसाच्या चरबीत होतं. तिला ‘बीफ ड्रिपिंग’ म्हणतात. म्हणजे सोमवारचे नुसते चिप्सही शाकाहारी असतीलच असं नाही. मागण्याआधी ‘तळण कशात?’ हे विचारायलाच सांगा. तेलातलं असलं, तरी मासा आणि आलू एकाच कढईत तळतात का, तेही विचारावं.

आता फिशकेक. यॉर्कशायरचा तुमच्या मुलाला मिळाला तसाच : दोन चकत्या, मध्ये मासा, वरून मैद्याचा घोळ. इतरत्र उकडलेला आलू आणि मासा कुस्करून, ब्रेडचा चुरा लावून तळतात. ‘स्कॅलप’ मागताना तर जास्तच जपावं. उत्तरेत आणि मध्य इंग्लंडात ते घोळात बुडवून तळलेल्या आलूच्या चकतीचं नाव, म्हणजे आपले आलूचे भजेच, फक्त बेसनाऐवजी मैदा. बाकी ठिकाणी स्कॅलप म्हणजे शिंपल्यातला जीव. चिप्स भरलेला पाव मँचेस्टरकडे ‘बार्म’, नॉटिंगहॅमकडे ‘कॉब’. कढईत सुटलेला कुरकुरीत चुरा यॉर्कशायरमध्ये ‘स्क्रॅप्स’. मागितला तर बरेच दुकानदार तो फुकट वर टाकून देतात. लंडनच्या पाटीवरचा ‘रॉक सॅल्मन’ मात्र सॅल्मन नव्हेच, तो लहान जातीचा शार्क. आणि स्कॉटलंडात ‘फिश सपर’ म्हटलं की चिप्स सोबत आलेच.

प्रश्न : इंग्लंडातल्यासारखा मैद्याच्या घोळात तळलेला मासा घरी केला. घोळ सुटला, उरला तोही मऊ पडला. मासा रोहू होता.
— एक वाचक, ता. साकोली

उत्तर : रोहूत बारीक दुफाटी काटे फार, या कामाला तो नको. मामा (माजी मालगुजारी) तलावातली मरळ घ्या. अर्धा किलो मरळीचे काटा काढलेले, बोटभर जाडीचे तुकडे मीठ लावून 15 मिनिटं ठेवा. सुटलेलं पाणी फडक्याने टिपा आणि कोरडा मैदा चोळा. घोळ सुटतो तो ओल्या माशावरून, ही पायरी टाळू नका.

150 ग्रॅम मैदा, 50 ग्रॅम तांदळाचं पीठ, एक चमचा बेकिंग पावडर, मीठ आणि सुमारे 220 मिलिलिटर बर्फगार पाणी. घोळ भज्याच्या पिठापेक्षा पातळ हवा, आणि फेटायचा नाही. चार गुठळ्या राहिल्या तरी चालतील. फार फेटलं की मैद्याला चिवटपणा येतो.

तेल 180 अंश हवं. घोळाचा थेंब टाकताच दोन-तीन सेकंदांत वर आला की समजा झालं. एका वेळी दोनच तुकडे सोडा. जास्त सोडले की तेल थंडावतं आणि घोळ तेल पितो. पाचसहा मिनिटांनी काढून जाळीवर ठेवा. टोपल्यात एकावर एक रचून झाकण घातलं की वाफेनेच मऊ पडतात, तुमच्याकडे बहुतेक हेच झालं असेल.

सोबतचे आलू फ्रिजमधले नकोत. गारठ्यात त्यांच्यातल्या पिठूळपणाची साखर होते, मग आतून शिजण्याआधीच बाहेरून काळपट पडतात.